गावाची मोकळी जागा कोणाच्या नावावर?

(पिंपळगाव राजा येथे संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त दिलेले व्याख्यान)



गाडगेबाबांच्या नावाचं व्याख्यान म्हटलं की वक्ता झाडूवर बोलणार, असा आपल्याकडे प्रघातच पडला आहे. झाडूला माझा नमस्कार. पण बाबांनी हाती घेतलेलं पहिलं मोठं काम बांधकामाचं होतं. अमरावती जिल्ह्यात ऋणमोचनला पूर्णेच्या काठावर यात्रेला आलेली माणसं चिखलात घसरून पडायची. ते पाहून त्यांनी तिथे घाट बांधायला घेतला. तीच पूर्णा पुढे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून जाते. नंतर पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा झाल्या. त्या कोणाच्या ताब्यात राहाव्यात याची व्यवस्था बाबांनी विश्वस्त नेमून लावून दिली आणि स्वतःच्या घराण्याच्या नावावर काही ठेवलं नाही. निरक्षर माणूस, पण सार्वजनिक जागेचा कागद पक्का असावा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून आज मी सार्वजनिक जागेबद्दल आणि घरांबद्दल बोलणार आहे. हरित इमारत, उद्यान, हिरवा पट्टा हे सगळे शब्द शहरातून आले आहेत. पिंपळगाव राजासारख्या मोठ्या गावात, जिथे नगरपालिका नाही पण शहराच्या अडचणी येऊन पोचल्या आहेत, तिथे या शब्दांचं करायचं काय?

सुरुवात राज्यघटनेपासून करतो. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती एकाच वर्षी, १९९२ मध्ये झाली. पहिलीने पंचायतींना २९ विषयांची अकरावी अनुसूची दिली, दुसरीने नगरपालिकांना १८ विषयांची बारावी. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. शहरांच्या यादीत १२ व्या क्रमांकावर बागा, उद्यानं आणि क्रीडांगणं आहेत. गावांच्या यादीत त्याच १२ व्या क्रमांकावर इंधन आणि चारा आहे. हा योगायोगच. तरी घटनादुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात गावाचं चित्र कसं होतं ते त्यातून दिसतं. गावाला बाग कशाला हवी? सगळीकडे रानच तर आहे! नगररचना आणि इमारतींचं नियमन हे विषयही शहरांच्याच यादीत आहेत. गावाच्या वाट्याला ग्रामीण घरबांधणी, सामाजिक वनीकरण, अपारंपरिक ऊर्जा आणि शेवटचा, २९ वा विषय आला : सामूहिक मालमत्तेची देखभाल.

झाडांच्या कायद्यातही तेच. शहरातलं झाड तोडायचं तर १९७५ चा कायदा आहे, त्याखाली वृक्ष प्राधिकरण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जाही आला. हा कायदा नागरी क्षेत्रापुरता. खेड्यातल्या झाडाला १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा लागू होतो आणि तो मुख्यतः तोडण्याची परवानगी कशी द्यायची ते सांगतो. म्हणजे खामगावातल्या साठ वर्षांच्या कडुनिंबाला जे संरक्षण आहे, ते तालुक्यातल्या खेड्यात त्याच वयाच्या कडुनिंबाला नाही. ऊन मात्र दोघांवर सारखंच पडतं.

यावरून कोणी म्हणेल, मग लवकर नगरपंचायत होऊ द्या. मोताळ्याला झाली, संग्रामपूरला झाली. १९६५ च्या नगरपालिका अधिनियमात ३४१-अ कलम आहे. दहा ते पंचवीस हजार वस्तीच्या, गावपण सोडून शहराकडे निघालेल्या भागाला त्याखाली नगरपंचायत मिळू शकते. झाली की विकास आराखडा येतो आणि आराखड्यात हिरवा रंग येतो. पण आधी १९६६ च्या नगररचना अधिनियमाचं १२७ वं कलम वाचा. बागेसाठी जागा आरक्षित झाली आणि दहा वर्षांत संपादन झालं नाही, तर मालक खरेदीची नोटीस देतो. पूर्वी एक वर्षाची मुदत होती, आता दोन वर्षांची. तेवढ्यात पैसे उभे राहिले नाहीत की आरक्षण गेलं. लहान नगरपंचायतीच्या तिजोरीची अवस्था तुम्ही जाणता. नकाशावरची बाग अशी पैशाअभावी सुटते आणि तिथे दुकानांचे गाळे येतात. जागा खाजगी झाल्यावर ती परत विकत घेऊन बाग करणं हा श्रीमंत महापालिकेचा मार्ग आहे. गावाच्या हातात आज जी जागा फुकट आहे, ती उद्या नगरपंचायतीला विकत घ्यावी लागेल. म्हणून हे काम ग्रामपंचायत असतानाच करायचं आहे. माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं. आता ते कसं करायचं ते जरा सावकाश सांगतो.

गावाकडे मोकळी जागा असते कुठली? पहिलं गायरान. मग गावठाणातल्या मोकळ्या जागा : बाजाराची, शाळेसमोरची, खळ्याची, पाराभोवतालची. मग तळं आणि त्याचा काठ, नाल्याच्या दोन्ही बाजू, पाणंद रस्ते. स्मशानभूमी आणि कब्रस्तान हीही मोकळी, झाडं असलेली जागाच आहे, आपण तिला बाग म्हणायला कचरतो इतकंच. आणि सगळ्यात नवी, लेआउटमधली ओपन स्पेस.

गायरान सरकारी मालकीचं असतं आणि ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५१ व्या कलमाखाली ते पंचायतीकडे निहित करता येतं. सांभाळायचं पंचायतीने, विकायचा अधिकार मात्र नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्याचा निकाल दिला. पंजाबातल्या एका गावचं तळं बुजवून लोकांनी त्यावर घरं बांधली होती. न्यायालयाने ती हटवायला सांगितली आणि सगळ्या राज्यांना सामाईक जमिनी मोकळ्या करण्याच्या योजना आखायला लावल्या. आपल्या सरकारने त्याच वर्षी १२ जुलैला निर्णय काढून गायरान दुसऱ्या कामाला देण्यावर निर्बंध घातले.

इथे थांबून एक गोष्ट बोलली पाहिजे. गायरानाचा विषय काढला की काही लोक फार उत्साहाने ‘अतिक्रमण हटाव’ म्हणतात, आणि त्यांचं बोट नेहमी गावाबाहेरच्या पत्र्याच्या, टिनाच्या घरांकडे असतं. महाराष्ट्रात गायरानाचा इतिहास हा भूमिहीनांच्या लढ्याचाही इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांनी जमिनीसाठी सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली. त्यातूनच पुढे भूमिहीन दलित-आदिवासींनी १४ एप्रिल १९९० पर्यंत कसलेली गायरानं नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. जगपालसिंग निकालातही भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी अपवाद ठेवलेला आहे. तेव्हा गाव हिरवं करायच्या नावाखाली गरिबाचं खोपटं हलवणं हे माझ्या बोलण्यात नाही. मोठी अतिक्रमणं सहसा रस्त्याला लागून, मोक्याच्या जागी आणि पक्क्या सिमेंटची असतात. ती कोणाची असतात ते प्रत्येक गावाला तोंडपाठ असतं. कायदा तिथेही पोचतो, हे फार जणांना माहीत नाही. अधिनियमाच्या १४ व्या कलमाखाली सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा माणूस पंचायतीचा सदस्य राहू शकत नाही. आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घरच्या माणसाने केलेलं अतिक्रमण जो सदस्य स्वतः उपभोगतो, तोही अपात्र. इथे सदस्य बसले आहेत, म्हणून नुसती आठवण दिली.

गायरानावर आता एक नवा पाहुणा आला आहे, तोही हिरव्या कपड्यांत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ ला. शेतीच्या पंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून उपकेंद्राजवळच्या सरकारी जमिनींवर सौर पॅनेल उभे करायचे. रात्री दोनला मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, ही योजना चांगली आहे की वाईट. चांगलीच आहे. पण त्या सरकारी जमिनीत गायरानही येतं, आणि काही गावांत त्यावरून भांडणं झाली आहेत. ज्या ग्रामपंचायतीत प्रकल्प होतो तिला तीन वर्षं दरवर्षी पाच लाखांचं अनुदानही आहे. तीन वर्षांचे पंधरा लाख आणि त्यानंतर पुढची अनेक वर्षं कुंपणाआड गेलेलं गायरान, हा हिशेब ग्रामसभेत उघडपणे व्हायला हवा. कदाचित गाव म्हणेल की मुरमाड, गवत न उगवणारा तुकडा द्यायला हरकत नाही. म्हणू दे. पण कुठला तुकडा देतोय, मेंढपाळांची वाट कुठून जाते, शेळ्यांचं काय, हे कळण्यासाठी आधी गायरानाचा नकाशा आणि मोजणी हातात पाहिजे. वीज हिरवी आहे म्हणून जमिनीचा प्रश्न मिटत नाही.

आता ओपन स्पेस. रस्त्याला लागून शेत असतं, ते एनए होतं, खडूने पांढऱ्या रेघा मारून प्लॉट पडतात, बोर्ड लागतो. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चार हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवायची आहे. दहा टक्क्यांचा हा संकेत त्याआधीही होताच. या नियमाला दोन भोकं आहेत. पहिलं, एकराच्या आतले तुकडे पाडले की दहा टक्क्यांची कटकट नको. दुसरं भोक मोठं आहे. मंजूर नकाशावर ओपन स्पेस हिरवी दाखवलेली असते, पण सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहतं. प्लॉट विकले जातात, घरं होतात, वीस वर्षं जातात. तोवर त्या जागेत कोणी ट्रॅक्टर लावतो, कोणी काड्या-कुट्या रचतो, एखादं छोटं मंदिर उभं राहतं. मग मालकाचा मुलगा येतो आणि म्हणतो, जागा आमची. कायद्याने तो चुकीचा असेल, पण सिद्ध कोणी करायचं? मंजूर नकाशाची प्रत पंचायतीकडे सापडेलच असं नाही.

उद्यानाची जागा उद्यानच राहावी यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल आहे. बंगळूरमध्ये बागेसाठी राखलेली जागा एका न्यासाला रुग्णालयासाठी दिली गेली, आणि न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. रुग्णालय हे चांगलंच काम, तरीही! खेड्यात हीच अडचण जास्त येते, कारण आपल्याकडे मोकळी जागा खाणारी कामं सगळी चांगलीच असतात. पाण्याची टाकी, अंगणवाडी, समाजमंदिर, व्यायामशाळा, पुतळा. विरोध करणारा माणूस वाईट ठरतो. म्हणून हा निर्णय त्या-त्या वेळी, निधी आल्यावर घाईने करायचा नसतो. कुठली जागा कशासाठी, हे आधी ठरलेलं असलं की टाकीला टाकीची जागा मिळते आणि मैदान मैदान राहतं. मुंबईसारख्या महापालिकेनेही मोकळी मैदानं संस्थांना ‘दत्तक’ दिली आणि काही ठिकाणी क्लब उभे राहिल्यावर २०१६ मध्ये ती परत घ्यायची वेळ आली. दत्तक देणं सोपं, परत आणणं कठीण.

विलायतेची एक गोष्ट सांगतो, ती आपल्याला अगदी लागू आहे. इंग्लंडमध्ये गावांची सामाईक कुरणं शेकडो वर्षांपासून होती, लोक चरायला जनावरं नेत होते, लेखी काही नव्हतं. १९६५ साली त्यांनी कायदा केला की अशा सगळ्या जमिनींची नोंदणी करा, तीन वर्षांची मुदत देतो. मुदत संपली जानेवारी १९७० ला. ज्या कुरणाची नोंद झाली नाही, त्यावरचे गावाचे हक्क गेले. बऱ्याच गावांना कळलंही नव्हतं. परंपरा होती, वहिवाट होती, पण वहीत ओळ नव्हती.

आपल्याकडे वह्या आहेत. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण गाव तलाठीच म्हणणार) गाव नमुना १-ब मध्ये सरकारी पडीक जमिनी असतात आणि १-ई मध्ये अतिक्रमणं. ग्रामपंचायतीच्या दप्तरात २०११ च्या नियमांप्रमाणे तेहेतीस नमुने ठेवायचे असतात. घराचा उतारा काढायला तुम्ही आठ नंबर मागता, तो त्यांतलाच. पण नमुना २४ कोणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. ती पंचायतीच्या जमिनीची नोंदवही आहे. आणि अगदी शेवटचा नमुना ३३ ही वृक्ष नोंदवही. पंचायतीच्या हद्दीतली सार्वजनिक झाडं तिच्यात लिहायची असतात. शहरातल्या माणसाला मी हे सांगतो तेव्हा त्याचा विश्वास बसत नाही की प्रत्येक खेड्यात कायद्याने झाडांची एक वही आहे. ती भरलेली आहे का, हा पुढचा प्रश्न. लेखापरीक्षणाला दाखवण्यापुरती आदल्या रात्री भरली जाणारी वही आणि खरी वही यात फरक असतो, हे ग्रामपंचायतीचे कर्मचारी मोकळेपणाने कबूल करतील.

याच्या जोडीला जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे गावागावांत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आहे. ड्रोनने गावठाण मोजणारी स्वामित्व योजना २०२० ला सुरू झाली, तिचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीत झाला होता. तिच्यामुळे घरमालकांना सनद मिळते हे सगळ्यांना कळलं. पण त्याच मोजणीत गावठाणातल्या पंचायतीच्या मोकळ्या जागांचीही हद्द ठरते, तिकडे कोणाचं लक्ष नसतं. आपल्या घराची भिंत नकाशात बरोबर आली का हे पाहायला सगळे जातात. बाजाराच्या जागेची हद्द बरोबर आली का, हे पाहायला कोण जातो?

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार १९१४ नंतर काही वर्षं भारतात होता, १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवत होता. त्याचा आग्रह असा की नकाशा काढण्याआधी गाव पायी फिरा. पडकी जागा, विहिरीभोवतीचा रिकामा कोपरा, दोन घरांतली फट, सगळं पाहा, आणि पाडापाडी कमीत कमी करून त्या फटीतच झाड आणि बसायची जागा करा. त्या वेळच्या साहेबी खात्यांना हे फारसं आवडलं नाही. शाळेतली नववीची मुलं आणि एक मोजपट्टी घेतली तर पिंपळगावात हे काम एका हिवाळ्यात होईल.

जागा राखली, आता तिथे करायचं काय? माझं स्पष्ट मत आहे, लॉन नको. आपल्याकडे पाऊस सरासरी सातशे-आठशे मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. एप्रिलमध्ये प्यायचं पाणी टँकरने येण्याची वेळ आली की हिरवळ आधी मरते. शेगावचं आनंद सागर आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. संस्थानाची व्यवस्था, शिस्त, सेवेकरी हे सगळं पाठीशी असतानाही ते पुढे काही काळ बंद ठेवावं लागलं होतं. ग्रामपंचायतीने त्याची छोटी नक्कल करू नये. कारंजं, प्लास्टिकचा हत्ती आणि रंगीत कमान यांवर निधी खर्च होतो, आणि दोन उन्हाळ्यांनंतर तिथे फक्त कमान उरते.

गावात मोकळी जागा वापरतं कोण, हे पाहून ठरवा. पहाटे पाचला पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी डांबरी रस्त्यावर धावतात, बाजूने ट्रक जातात. त्यांना पळायला मातीची धावपट्टी आणि गोळाफेकीला कोपरा पाहिजे. बायकांना बसायला जागाच नाही. पार आहे, पण पारावर पुरुष. दवाखान्यात आलेली, बँकेच्या रांगेतली, एसटीची वाट पाहणारी बाई कुठे बसते ते एकदा पाहा. बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन येणाऱ्यांना सावली पाहिजे आणि दुपारच्या उन्हात सुकणारी मेथी-कोथिंबीर वाचली पाहिजे. या तीन गरजांना कडुनिंब, चिंच, करंज, अर्जुन, पिंपळ आणि मातीची मोकळी जमीन पुरते. शेजारच्या तळ्याचा काठ गाळ काढून, दगड लावून नीट केला की तीच बाग. २०१८ मध्ये या जिल्ह्याने ‘सुजलाम सुफलाम’ मोहिमेत तळ्यांतला गाळ काढला, महामार्गाला लागणारा मुरूम तळी खोल करून घेण्याच्या ‘बुलढाणा पॅटर्न’चं नाव देशभर झालं. तळी खोल झाली. काठांकडे मात्र कमी लक्ष गेलं. खामगावकरांना त्यांच्या जनुना तलावाचा काठ काय देतो ते ठाऊक आहे.

झाडं लावण्याबद्दल फार बोलत नाही, २०१९ पर्यंत पन्नास कोटी झाडं लावण्याचा संकल्प राज्याने केला होता, तेव्हा लावणं आपल्याला येतं. जगवण्याबद्दल दोन गोष्टी. रोजगार हमीत ‘बिहार पॅटर्न’ म्हणून एक रीत आहे. रस्त्याकडेची दोनशे झाडं गरजू कुटुंबांना तीन वर्षं सांभाळायला द्यायची आणि त्यांना मजुरी द्यायची. ज्याची मजुरी झाडाच्या जगण्यावर आहे, तो झाड जगवतो. आणि हिवरे बाजारची चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. तिथे गवत बंद ठेवलं नाही. नाममात्र फी भरून विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवली. गुरं मोकळी सोडली नाहीत म्हणून गवत वाढलं, आणि गवत वाटून मिळालं म्हणून बंदी टिकली. तिथल्या पोपटराव पवारांचं नाव आपण घेतो, पण फी आणि विळा ही त्यातली बारीक गोष्ट विसरतो.

आता घरं. शहरातल्या मोठ्या इमारतींना ‘गृह’चे तारे किंवा ‘आयजीबीसी’चं मानांकन मिळतं, आणि राज्याच्या नियमावलीत त्या मानांकनाच्या बदल्यात तीन, पाच, सात टक्के जादा चटईक्षेत्र आहे. पिंपळगावात चटईक्षेत्राची कोणाला भूक आहे? आपल्याला घर मे महिन्यात राहण्यासारखं पाहिजे. अकोला-खामगावच्या पट्ट्यात पारा पंचेचाळीसला जातो. वऱ्हाडातलं जुनं धाब्याचं घर आठवा. पांढऱ्या मातीच्या दोन हात जाड भिंती, वर लाकडी मयाली, किलचण, त्यावर हातभर माती, आणि पावसाळ्याआधी खारी माती पसरायची म्हणजे पाणी मुरत नाही. पुढे सपरी. दुपारी आत थंडावा असायचा. मी जुन्या घरांचे गोडवे गाणारा माणूस नाही, त्यांत अंधार होता, विंचू होते, आणि एखाद्या सततच्या पावसात भिंत बसली की माणसं गाडली जात. लोक स्लॅबकडे वळले ते योग्यच केलं. पण चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. म्हणून माणसं उन्हाळ्यात गच्चीवर झोपतात आणि कूलरचं बिल भरतात. टिनाच्या घरात तर दुपारी बाळंतीण कशी राहते, हे आशाताईंना विचारा.

यावरचे उपाय कमी खर्चाचे आहेत. गच्चीला उन्हाळ्याआधी चुना मारणं. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी सबंध धोरणच केलं, थंड छप्पर हे तिथे इमारतीच्या नियमात आलं. पश्चिमेच्या भिंतीला खिडकी कमी आणि झाड जास्त. समोरासमोर झरोके. छपराचं पाणी नळीने शोषखड्ड्यात किंवा विहिरीकडे. सांडपाण्याची परसबाग. घरकुलाला मैदानी भागात मूळ अनुदान एक लाख वीस हजारांचं, जागा किमान २६९ चौरस फूट. एवढ्या पैशांत हौस होत नाही, पण दार कुठल्या तोंडाला आणि खिडकी कुठे, याला जादा पैसा लागत नाही. अभियंता कागदावर एकच नमुना सगळ्यांना देतो. केंद्राच्या ग्रामविकास खात्याने ‘पहल’ नावाचं स्थानिक साहित्याच्या घरांच्या आराखड्यांचं पुस्तकच काढलेलं आहे, ते पंचायत समितीत कोणी उघडलं आहे का विचारा. गावठाणातलं बांधकाम ढोबळमानाने पंचायतीच्या परवानगीखाली येतं. परवानगीच्या कागदासोबत चुना, शोषखड्डा आणि दोन झाडं यांचा ठराव ग्रामसभा करू शकते, आणि पाळणाऱ्याला घरपट्टीत काही सवलत मिळावी असा प्रस्ताव पुढे पाठवू शकते. दंड लावू नका. दंडाने गावात फक्त भांडण उगवतं.

आणि पहिलं हरित घर कोणाचं? पंचायतीचं. तिच्या छतावर सौर, शाळेच्या गच्चीला चुना, आरोग्य केंद्राच्या पश्चिमेला कडुनिंबाची रांग, बाजाराच्या शेडचं पाणी हौदात. २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियानात पंचायतींना भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच शीर्षकांखाली गुण मिळतात. गुण मिळवण्यासाठी फोटो काढण्याची जी स्पर्धा लागते, तिच्यात मला रस नाही. पण त्या यादीचा आधार घेऊन निधी मागता येतो, ‘आमचं गाव, आमचा विकास’च्या आराखड्यात ही कामं लिहिता येतात. लिहिली नाहीत तर तो पैसाही पेव्हर ब्लॉकला जाईल. पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत झाडाची मुळं श्वास घेत नाहीत आणि पाणी मुरत नाही, एवढं एकच वाक्य त्याबद्दल.

आज २० डिसेंबर. पुढची ठरलेली ग्रामसभा २६ जानेवारीची. तिच्यासाठी एक अर्ज लिहून द्या, साध्या कागदावर, दहा-वीस सह्यांचा. अर्जात चार ओळी. नमुना २४ आणि नमुना ३३ सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. गावाच्या हद्दीत मंजूर झालेल्या प्रत्येक लेआउटच्या नकाशाची प्रत मिळवून पंचायतीच्या भिंतीवर लावावी. त्यांतल्या ओपन स्पेसच्या सातबाऱ्यावर पंचायतीचं नाव लावण्यासाठी तहसीलदारांकडे ठराव पाठवावा. आणि गायरानाची मोजणी मागावी. बायकांच्या सह्या अर्ध्याहून कमी नकोत. सभेत ‘पुढच्या वेळी पाहू’ असं उत्तर आलं, तर ते उत्तर इतिवृत्तात तसंच लिहून घ्या आणि १ मेच्या सभेला तोच अर्ज पुन्हा द्या.